सरांचा शब्द

"सर, मुलींची टीम कधी काढणार?" फुटबॉलच्या सामन्याआधी तिने प्रशिक्षकांना सगळ्यांदेखत विचारूनच टाकलं. असं विचारण्याची पैज मैत्रिणींनी लावली होती, पण गोलकीपर व्हायचं वेड तिचं स्वतःचं होतं.

"आज जिंकलो तर लगेच!" सर म्हणाले आणि अख्खी गॅलरी खो-खो हसली. टीम जिंकल्याचं कुणाला आठवतच नव्हतं.

तिचे शिंपी बाबा तर सामना संपायच्या आधीच उठायचे. "बरोबरी आहे तोवर निघू. आता गोल खाणार, मला नाही बघवत," म्हणत त्यांनी आजही तिला आणि आईला जिन्यावर आणलं, तोच मागे जल्लोष उसळला. तिघं धावत परतली. आपलाच गोल! पाठोपाठ शेवटची शिट्टी!

बाबांनी शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठीच मारली आणि आईने त्या दोघांच्या टोप्या उडवल्या. ती मात्र कठड्यावरून ओरडली, "सर, शब्द दिलाय!"

पोरांच्या खांद्यांवर बसलेल्या सरांनी कान पकडले. "सोमवारी ये बाई, बूट घालून!"

ती वळली. "आई, बाबा, सोमवारपासून मी गोलकीपर. आणि माझ्या मॅचला शेवटच्या शिट्टीआधी कुणी उठायचं नाही!"