एक लाख एकचा वरचा दाणा

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. एक लाख एक. मला कोणी घडवलं नाही. मोजणारी माणसं आली त्याच्याही आधीपासून मी आहे. उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, मी तीच. दोन, तीन, पाच, सात, कोणीही भागायला या, बाकी उरतेच. अकरापुढे मात्र माझं काही चालत नाही. नऊ हजार एक्याण्णवचे अकरा सारखे वाटे होतात आणि मागे काही उरत नाही. हा माझा स्वभाव आहे, गुन्हा नव्हे! पण माणसांना मी शुभ म्हणून हवी, माझी ओळख करून घ्यायची मात्र नको. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

सन १९५८. कळंबजवळच्या एका खेड्यात पर्वताबाईचा मुलगा भगवानराव मुदतीच्या तापातून उठला. आईने कळंबच्या चिंतामणी गणपतीला तांदळाची लाखोली बोलली होती. लाख अखंड दाणे आणि वर शकुनाचा एक. सून बेबी चौथी शिकलेली. तिने आळीतल्या दहा जणी बोलावल्या, अकरावी आपण बसली, पाटीवर मला भागलं आणि प्रत्येकीला सारखा वाटा मोजायला दिला. "मोठा गुनाचा आकडा हाय, कोनाले कमी नाही का जास्त नाही," असं माझं कौतुकही झालं.

मोजणी संपली तशी पर्वताबाईने हात पुढे केला. "आन आता वरचा दाना. थो मीच वाहीन."

"आत्याबाई, वरचा येगळा नाही उरला. थो आमच्या वाट्यातच गेला."

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. "वरचा वाट्यात जाते कसा? वरचा म्हनजे वरच उरला पायजे! खाल्ला का चुलीत घातला तुनं? माह्या पोराच्या जिवावर उठली काय? भगवान, बंडी जुंप. सोड इले नेरले, इच्या माहेरी!"

आणि भगवानराव? ज्याच्यासाठी हे सगळं चाललं, तो मान खाली घालून बैलांकडे गेला! कौतुक करणाऱ्या दहाही जणी तोंडाला पदर लावून बघत बसल्या. मी पाटीवर नुसती जळत होते. मला तोंड असतं तर एकेकीला फाडून खाल्लं असतं.

बेबी रडली नाही. तिने मोजलेल्या तांदळाच्या पोत्यातले थोडे दाणे काढून सासूच्या तळहातावर ठेवले. "हे किती?"

"अकरा."

"म्हनजे दहा, अन् वरचा एक. द्या आमा अकरा जनींले एक एक."

पर्वताबाई देत गेली. शेवटचा दाणा बेबीच्या हातावर पडला आणि सासूचा हात रिकामा झाला.

"आता सांगा, वरचा कोनं खाल्ला?"

पर्वताबाई खालीच बसली. मग ओरडली, "भगवान, सोड रे बैल!"

"राहू द्या जुंपलेले," बेबी म्हणाली. "आता मी माह्या मर्जीनं जातो. न्यायले तुमीच या, आत्याबाई. तुमच्या पोराले पाठवू नका." आणि ती बंडीत चढून बसली.

मित्रांनो, मला देवापुढे नाही मांडलंत तरी चालेल. पण माझ्या नावाने कोणाच्या लेकीला चोर म्हणण्याआधी, तेवढा एक भागाकार करा.