पंजा उमटलेले पत्रे

रंगाईच्या कारखान्यातले कामगार बॉयलरपासून दहा हात दूर, श्वास रोखून उभे होते. काट्यावर दाब चढत होता. पंजेबाबांनी उजवा तळवा लाल रंगात बुडवला आणि तापलेल्या बॉयलरच्या अंगावर टेकवला. वीस मोजेपर्यंत हात हलला नाही. तळव्याला साधा चटकाही बसला नव्हता.

"ज्याच्यावर हा पंजा, त्याला स्फोट शिवणार नाही," बाबा म्हणाले. आगीशी आपली जुनी ओळख आहे, ती आपला शब्द मोडत नाही, असंही त्यांनी ऐकवलं. आगीला विचारून खात्री करून घ्यायची सोय नव्हती.

मालकीणबाईंना तशी गरजही वाटली नाही. रंगाई संघाच्या कचेरीतल्या फलकावर एकतीस कारखान्यांची नावं होती. त्यांतल्या तीस बॉयलरांवर पंजा होता आणि एकही फुटला नव्हता. राहिला होता तो त्यांचाच. दाब वाढला की जादा वाफ बाहेर सोडणारा त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळायचा, म्हणून महिन्यापूर्वी फिटरने तो आवळून पार बंद केला होता. नवा बसवायचा तर आठ दिवस काम ठप्प. पंजा अर्ध्या तासात उमटला.

त्या बॉयलरसमोर दिवसाचे दहा तास मामा उभे असायचे. त्यांची भाची शाळेत गणित शिकवायची आणि त्यांच्याकडेच राहायची. जेवताना मामा म्हणाले, "आता काळजी मिटली. वरूनच विमा उतरवलाय."

हात भाजला कसा नाही, असं तिने विचारलं, तेव्हा मामा ओशाळले. बाहेरच्या पत्र्याखाली काचलोकरीचा जाड थर असतो, पत्रा नुसता कोमट लागतो. थंडीत ते स्वतः त्याला पाठ लावून बसायचे.

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"मालकीणबाई हात जोडून उभ्या होत्या गं. आणि फलकावरचे तीस काय खोटे?"

तिला तो फलकच खुपत राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती संघाच्या कारकुनाला भेटली. कारखाना बंद पडला की वर्गणी थांबते आणि त्याच आठवड्यात नाव उतरतं, असं त्याने सांगितलं. स्फोटांनी बंद पडलेले कारखाने सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्यावर पंजा नव्हता, असं बाबा सांगायचे. ते तपासायला कुणी गेलं नव्हतं.

मग ती फुटलेले बॉयलर विकत घेणाऱ्या भंगारवाल्याकडे गेली. त्याने तिला मागच्या आवारात नेलं. फाटून बाहेर वळलेले पत्रे एकावर एक रचले होते. तो एकेक उलटत गेला. चौथ्यावर लाल तळवा निघाला. सातव्यावर चारच बोटं होती, अंगठ्याकडचा पत्रा उडून गेला होता.

"असे किती?"

"पाच वर्षांत नऊ," तो म्हणाला. "मला वाटायचं, बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का असेल."

सकाळी बॉयलर पेटवायच्या आधी तिने त्यातला एक पत्रा हातगाडीवरून कारखान्यात आणला. मालकीणबाईंनी त्यावरच्या लाल तळव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पण तीस तर चालू आहेत ना?"

"चालू आहेत म्हणूनच फलकावर आहेत, बाई. तुमचा धरून चाळीस पंजे झाले. त्यांतले नऊ फुटले. त्यांना तुम्ही मोजलंच नाही."

मालकीणबाईंनी आठ दिवसांचा हिशेब पुन्हा काढला. मामांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि ते बाजूला झाले. "व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय मी पेटवणार नाही," ते म्हणाले. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच नकार दिला होता. थोड्या वेळाने बाईंनी फिटरला बोलावणं धाडलं.

चमत्काराची ग्वाही द्यायला वाचलेलेच येतात. बुडालेले आठ दिवस डोळ्यांना दिसतात, टळलेला स्फोट दिसत नाही, म्हणून माणूस व्हॉल्व्हपेक्षा पंज्यावर विसंबतो. 'एकही फुटला नाही' असं कुणी सांगितलं, तर फुटलेल्यांची यादी मागा. मिळाली नाही, तर भंगारात जाऊन स्वतः मोजा.

त्या सकाळी फलकावरच्या एकतीसांतला एक बॉयलर थंड राहिला. उरलेले तीस वाफ धरत होते.