कंडक्टरबाईच्या घशातली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. नाक मुरडू नका, मी कॅन्सरची नाही. चरबी आणि धाग्यांची बनलेली, देठाला लोंबणारी, हजारात एखाद्याच्याही नशिबी न येणारी साधी गाठ. सध्या काचेच्या बरणीत औषधाच्या पाण्यात असते. इथे कोंडल्यासारखे होते, पण कोंडून राहायची मला सवय आहे.

माझा जन्म एका बस कंडक्टरबाईच्या घशात, अन्ननलिकेच्या तोंडाशी झाला. आधी मी वाटाण्याएवढी होते. तिच्या प्रत्येक घासाबरोबर खाली ओढली जाऊन मी लांबत गेले. मला तिथून सुटायचे होते, पण देठ सोडत नव्हता. ती आडवी झाली की मी श्वासाच्या वाटेवर पडायचे आणि ती धडपडून उठायची. पुढे ती खुर्चीतच झोपू लागली.

"आडवी झाले की कुणीतरी आतून दार लावतं," ती नवऱ्याला सांगायची.

"अगं, दोन डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. काही नाही म्हणाले. तू उगाच मनाला लावून घेतेस."

माणूस वाईट नव्हता. तिच्या पाठीला उशा तोच लावायचा.

खरी गोम वेगळीच होती. बाई भिडस्त. परक्यापुढे तोंड उघडायचे म्हणून आधी आवंढा गिळून घ्यायची. त्याबरोबर मी सुळकन खाली आणि घसा स्वच्छ. दुर्बीण खाली आली तरी माझा रंग आतल्या भिंतीसारखाच. ओरडून सांगावेसे वाटायचे, पण तोंड कुठून आणू?

एकदा थांबा पुकारताना तिला ठसका लागला आणि मी थेट तिच्या जिभेवर आले. श्वास अडकला, चेहरा काळानिळा पडला. ड्रायव्हरने बस थांबवून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा तिने मला कसेबसे गिळले.

"दादा, भास नाही हो," संध्याकाळी तिला घरी सोडताना ड्रायव्हर तिच्या नवऱ्याला म्हणाला. "जिभेवर मांसाचा गोळा होता. मी पाहिलाय."

नवरा तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले. "आता गिळू नका," त्या म्हणाल्या. "पुढे वाका आणि खोका."

अखेर मी सापडले. तिला झोपवून भूल दिली असती, तर मी तिथेच तिचा जीव घेतला असता. म्हणून जागेपणी, बसवूनच तिच्या नाकातून श्वासाची नळी घातली. मग भूल देऊन, तोंडावाटे मला धरून, देठातली रक्तवाहिनी बांधून मला कापले. मला सुटल्यासारखे वाटले.

आता डॉक्टरकी शिकणारी मुले बरणीपाशी येतात, "साधीच आहे" म्हणतात आणि पुढे जातात. मला राग येतो. साधी असूनही मी तिला मारणार होते.

मित्रांनो, कुणी घशात काहीतरी अडकतेय म्हणाले, तर "काही नाही" म्हणायची घाई करू नका. तिच्या सगळ्यात जवळ मी होते आणि मला सांगता येत नव्हते. तिला येत होते, आणि ती सांगतच होती.