पन्हळीतला खिळा

मी खिळा बोलतोय. बोटभर लांबीचा आहे, पण कारखान्यातला नाही. लढाईच्या दिवसांत बाजारात खिळे मिळत नव्हते. तेव्हा कोरेगावच्या लोहाराने बैलगाडीच्या झिजलेल्या लोखंडी धावेतून मला घडवलं. जी धाव चाकावर बसून सारं शिवार फिरली, तिचा मी तुकडा. त्यामुळे माझ्यात ताठा आहे. तो मी लपवत नाही.

त्रेचाळीस सालच्या वैशाखात जोतीराम पलटणीतून रजेवर आला. सांगलीहून जुने पन्हळी पत्रे आणून त्याने आईच्या घरावर चढवले. हाताशी नाथाजी सुतार होता. नाथाजीचा एकच नियम. "खिळा उंचवट्यावर मारायचा. पन्हळीतनं पाणी वाहतं. तितं भोक पाडलं की घर गेलं."

रजा संपली त्या दिवशी एकच खिळा उरला होता. नाथाजी भाकरी खायला गेला होता. जोतीराम पेटी उचलून निघाला, तशी त्याची आई मनुबाई म्हणाली, "जोती, जाता जाता तुज्या हातचा एक खिळा ठोकून जा. घरावर हात ऱ्हाऊ दे."

"आगं आये, गाडी चुकंल!"

"चुकू दे. लढाई काय पळून जातीया व्हय?"

तो हसला. वर चढला, तीन घावांत मला आत घातलं आणि स्टेशनकडे पळाला. घाईत त्याने मला पन्हळीत मारलं होतं. ठोकणाऱ्याची चूक खिळ्याच्याच माथी येते. मी तक्रार करत नाही.

माझं डोकं पत्र्यावर, टोक घरात. म्हणून मला दोन्हीकडचं कळतं. पाऊस लागला आणि पाणी माझ्या अंगावरून आत उतरलं. पण ते माझ्याखाली पडेना. वाशावरून ओघळत चार हात पुढे जायचं आणि बियाणाच्या ज्वारीच्या कणगीवर टपकायचं. माणसं थेंब पडतो तिथंच वर बघतात. नाथाजीनेही तेच केलं. कणगीच्या वरची जुनी भोकं त्याने डांबराने बुजवली. गळती तशीच. मग दार लावून, अंधार करून, उजेडाचा ठिपका शोधला. तोही दिसेना. मी भोकात बसलेलो होतो. उजेड अडवत होतो, पाणी अडवता येत नव्हतं.

भादव्यात उघडीप पडली तेव्हा नाथाजी घागर घेऊन वर चढला. एकेका पन्हळीत पाणी ओतायचं, आत मनुबाईने सांगायचं.

"आलं का वो, वैनी?"

"न्हाई."

दुसरी पन्हळ. "आता?"

"न्हाई."

मग माझी पन्हळ आली. पाणी वाशावरून पळालं. थेंब कणगीवर पडणार तोच मनुबाईने पदर पसरून तो झेलला.

"न्हाई, भावजी. कोरडं हाय."

नाथाजीने आणखी अर्धी घागर ओतली आणि खाली आला. "वैनी, मग पदर कशानं भिजला?"

तिने पदर पिळला. मग म्हणाली, "त्यो खिळा माज्या जोतीच्या हातचा हाय. चार म्हैनं झालं, कागुद न्हाई त्याचा. उपटू नगा."

नाथाजीने कणगीत हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. दाण्यांना मोड आले होते. "पोरगं आलं तर पेराया काय देणार त्याला? खिळा?"

मनुबाईने एक दाणा उचलून त्याचा मोड चाचपला. "उपटा," ती म्हणाली. "पर टाकू नगा."

त्याने मला उपटलं, दगडावर ठेवून सरळ केलं. पन्हळीतल्या भोकावर डांबर, गोणपाट आणि पत्र्याचा तुकडा बसवला. जोतीरामच्या जुन्या वहाणेतून चामड्याची चकती कापून माझ्या गळ्यात घातली आणि मला उंचवट्यावर धरलं. हातोडा उचलला, तोच शिडीवरून आवाज आला. "थांबा."

मनुबाई पदर खोचून वर आली होती. "माज्या पोराचा घाव हाय त्याच्यावर. दुसरा पडायचा तर माजा पडंल."

एक घाव तिच्या बोटावर बसला. ती ओरडली नाही. मी बसलो.

वरची वीतभर ज्वारी गेली, खालची वाचली. त्या साली पेरणी झाली. कार्तिकात जोतीरामचं पत्र आलं, इस्पितळातून, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं.

सेहेचाळीस साली तो स्वतः आला. उजवी बाही रिकामी होती, खांद्याशी टाचलेली. उंबऱ्यात बसून म्हणाला, "आये, हात तिकडंच ऱ्हायला."

मनुबाईने त्याला आत नेलं आणि वर बोट केलं. "समदा न्हाई. त्यो बग, थोडा हितं हाय."

जोतीराम वर बघत राहिला. मी त्याला ओळखलं.

आता तो डाव्या हाताने पेरतो. माझ्या गळ्यातलं चामडं तडकलंय, अंगाला गंज चढलाय. पुढच्या उन्हाळ्यात पत्रे बदलायचे म्हणतात. बदला. उपटताना मी वाकलो तर दगडावर सरळ करा, आणि नव्या पत्र्यात उंचवट्यावर मारा. माझ्या अंगावरून त्या घरात पुन्हा पाणी गेलेलं मला चालणार नाही.