व्ह्यूफाइंडर : आहे

वेदवती मुळात रागीट नव्हती. पण तिरुमलरावांबरोबर एकतीस वर्षं संसार केल्यावर एखाद्या गायीलाही शिंगं उगारावीशी वाटली असती. हा सद्गृहस्थ काही म्हणून सरळ विकत घेत नसे. मिक्सर घ्यायचा तर पाच मिक्सरांचा तक्ता, मुलीला नवरा शोधायचा तर अकरा मुलांचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर संध्या आटोपली की तक्ता, हाच त्यांचा नेम झाला होता.

आता पाळी कॅमेऱ्याची होती. वेदवती जयलक्ष्मीपुरमच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गवतांचे फोटो काढायची. मेटगळ्ळीच्या बंद कारखान्यांमागचं गवत, नंजनगूडच्या रुळांकडेचं गवत, ज्याच्याकडे गायीखेरीज कुणी ढुंकून बघत नाही असं सगळं. एकाहत्तर जाती झाल्या होत्या. राहिलेल्या काही दसऱ्यानंतर महिनाभर फुलतात आणि वाळून जातात. नेमका नवरात्रात तिचा जुना कॅमेरा बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

दुसरी अडचण तिच्या डोळ्याची होती. दोन वर्षांपूर्वी आतला पडदा सुटून तिचा उजवा डोळा निकामी झाला होता. बाहेरून अगदी धड दिसायचा, म्हणून लोक विसरून जायचे. पन्नाशी उलटल्यावर तिने डाव्या डोळ्याला कॅमेरा शिकवला. वाऱ्यावर हलणारं तांदळाएवढं फूल भर उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसत नाही; खिडकीला, म्हणजे व्ह्यूफाइंडरला, डोळा लावावाच लागतो. त्या खिडकीला डावा डोळा नीट लागला तर तिचं काम पुढे चालणार होतं, नाहीतर संपलं.

"एकदा दुकानात जाऊन डोळा लावून बघते," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"अगं, तो कॉलम घातलाय, नोडु, हे बघ," तिरुमलरावांनी कागद पुढे केला. "व्ह्यूफाइंडर. नवीन मॉडेल : आहे. दुसरं : नाही. तिसरं : आहे, पण वजन जास्ती, मॉडेल जुनं. सुम्ने उगाच कशाला फिरायचं?"

तीन आठवडे गेले. ते रात्रंदिवस व्हिडिओ बघत होते, बेंगळूरच्या श्रीवत्सला, म्हणजे मुलाला, फोन करत होते, तक्त्यात रकाने वाढवत होते. तिकडे रुळांकडेचं गवत पिवळं पडत होतं. शेवटी शनिवारी वेदवतीने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "मी निघाले. यायचं तर या." ते कागद घेऊन मागोमाग आले.

अर्स रोडवरच्या दुकानात मालक तिच्याशी बोललाच नाही. तो तिरुमलरावांनाच म्हणाला, "सर, मेडमगे इदे बेस्ट, हाच घ्या. बिगिनर्सगेच आलाय हा." एकोणीस वर्षं फोटो काढणाऱ्या त्या नवशिकीने मुकाट्याने नवा कॅमेरा उचलला.

हलका होता, देखणा होता. पण खिडकी होती पार डाव्या कोपऱ्यात. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक कॅमेऱ्याबाहेर राहतं. तिने डावा लावला आणि नाक थेट मागच्या पडद्यावर दाबलं गेलं. बोट लागल्यासारखा फोकसचा चौकोन भलतीकडेच पळाला.

"टच बंद करता येतो, मेडम," मालक म्हणाला.

"नाक बंद करता येतं का?"

तो हसला. तिरुमलरावही हसले. "अगं, तो उजव्या डोळ्यासाठीच केलाय. उजवा लाव की!"

वेदवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कॅमेरा काचेवर ठेवला.

"अहो, माझा कुठला डोळा गेलाय?"

"आता ते इथे कशाला?"

"इथेच सांगा. कुठला?"

"डावा," तिरुमलराव मायेने म्हणाले. "म्हणून तर सांगतोय, उजवा लाव."

मालकाने मान खाली घातली. वेदवतीचा आवाज अख्ख्या दुकानाला ऐकू गेला.

"उजवा गेलाय! पडदा सुटला तेव्हा तीन हॉस्पिटलं हिंडवलीत मला. दर, डॉक्टरांचा अनुभव, पार्किंग, सगळ्याचा तक्ता! अठरा दिवस! आणि मीही मूर्खासारखी तुमच्या मागे फिरले. तुम्ही काउंटरवर चौकशी करत होता, आत डॉक्टर मला म्हणत होते, उद्याच ऑपरेशन करा, नाहीतर डोळा जाईल. मी घरी सांगितलं, तर म्हणालात, थांब, अजून एक बघू. दोन वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही. आणि तुम्हाला कुठला ते सुद्धा ठाऊक नाही!"

तिने तिसरा कॅमेरा मागितला, जड, जुन्या मॉडेलचा. खिडकी मधोमध, थोडी बाहेर आलेली. डावा डोळा लागला आणि रस्त्यापलीकडच्या फुलवालीच्या हातातला दोरा तिला लख्ख दिसला. "हाच द्या," ती म्हणाली.

तिरुमलरावांच्या हातात कागद तसाच होता. त्यांनी हळूच विचारलं, "वेदा, तिघांपैकी कुठले डॉक्टर म्हणाले होते असं?"

"तिघंही," वेदवती म्हणाली.