उजेडाचा नवा

“काका, याचा आवाज कमी नाई होत का?” अजयनं विचारलं.

सुकलू फिरत्या पट्ट्यावर राळेचा खडा धरून उभा होता. राळ लागली की पट्टा चक्रीवरून घसरत नाही, आणि पट्टा घसरला नाही की बल्ब मिचमिचत नाहीत.

“ट्रॅक्टर हाय बापू,” तो म्हणाला. “कोंबडीचं पिल्लू थोडीच हाय, टोपलीखाली झाकाले.”

“मंग गोदामाच्या अजून मागं घ्या. मांडवात आवाज नाई गेला पाह्यजे. पावण्याचं भाषण आहे.”

अजय चंद्रपूरचा, विजेच्या ठेकेदाराचा माणूस; मोहटोला गावात वीज आल्याचा आजचा कार्यक्रम त्यानंच मांडला होता. सुकलूनं ट्रॅक्टर मागं घेतला. सत्याहत्तर सालचा तो लाल ट्रॅक्टर. लाल थोडा उरलेला, बाकी गंज. मागच्या बाजूला लोखंडी चौकटीवर जनरेटर बसवलेला, ट्रॅक्टरच्याच चक्रीवरून पट्ट्यानं फिरणारा. तीस वर्षं धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातली लग्नं याच ट्रॅक्टरनं उजळली, मंडईच्या जत्रा उजळल्या, धानाची खळी उजळली. व्होल्टचा काटा कधीच मेला होता. सुकलू कानानंच ओळखायचा: इंजिनाचा आवाज गळ्यातून पोटात उतरला की करंट बरोबर झाला.

आजचं काम माईकचं, असं त्याला सांगितलं होतं. पट्टा लागल्यावर तो सवयीनं वायरच्या मागोमाग निघाला, दुसऱ्या टोकाला करंट नीट पोचतो का बघायला. वायर गवतातून गेली, शाळेच्या भिंतीला घासून गेली, मांडवामागं गेली आणि माईकला सोडून नव्या सिमेंटच्या खांबावर चढली.

त्या खांबाच्या पुढं तार नव्हती. बांधाबांधानं उभे केलेले बाकीचे खांब पार जंगलापर्यंत उघडेबोडके होते. आजचा करंट जमिनीखालून येतो, असं अजयनं गावाला सांगितलं होतं.

सुकलूची नजर खाली गेली. खांबाला हळद. पायथ्याशी तांदूळ, फोडलेलं अंडं, मोहाच्या दारूचा ओला डाग.

मोहटोल्यात नव्या वस्तूला आधी माणूस शिवत नाही. नवं मोहफूल असो, नवा आंबा असो, नवं धान असो. पहिला घास गेलेल्यांचा, मग जित्यांचा. त्याला नवा करणं म्हणतात. आज सकाळी बायनाबाईनं उजेडाचा नवा केला होता. ग्रामसभेची अध्यक्ष ती, आणि गावातली सगळ्यांत म्हातारीही तीच. खांबाशी बसून तिनं गावच्या मेलेल्यांना एकेक नाव घेऊन बोलावलं होतं: या, करंट आला, तुम्ही आधी पाहा. सुकरीलाही बोलावलं होतं. सुकरी सुकलूची बायको. अंधारात सरपण काढताना तिला मण्यार चावली, त्याला अकरा वर्षं झाली.

सुकलू तडक मांडवाकडे निघाला. त्यानं अजयला गाठलं.

“तू मले माईकचं म्हणला होता.”

“हळू बोला काका. तार येतेच चार-सहा महिन्यात. आज बटन दाबलं, फोटो झाला, बाईनं सही केली का फाइल पुढं जाते.”

“फाइल जाते अन् तार नाई येत. पल्याडच्या गावानं आठ वर्साआधी सही केली. कागदावर वीज आली, गाव बिनकरंटच्या यादीतून गेलं. आता खांबाले बकऱ्या बांधतेत.”

“तुमाले काय करायचं? तुमाले बलावलं, तुमी चालवा.”

“आज माह्या बायकोले बलावलं इथी,” सुकलू म्हणाला. “मेलेल्या बायकोले. उजेड आला म्हणून बलावलं. अन् उजेड माह्याच ट्रॅक्टरचा.”

अजयनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ऊन लागलं का काका?”

सुकलू गोदामामागं परतला.

मांडवात पाहुण्यानं बटण दाबलं. भर दुपारी बल्बची माळ लागली. पिवळी, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखी. टाळ्या पडल्या. बायनाबाई उठली, लुगडं सावरत टेबलाशी गेली. अजयनं फाइल उघडून शाईचा डबा पुढं केला.

सुकलू ट्रॅक्टरवर चढला. त्यानं क्लच दाबला. चक्री थांबली, माळ विझली.

मांडवात कुजबुज झाली. बायनाबाईचा अंगठा शाईवर थबकला.

त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. चक्री फिरली, माळ लागली, आणि ट्रॅक्टर धडधडत गोदामाआडून बाहेर आला; मागं जनरेटर फिरतोय, त्याच्यामागं वायर गवतातून सापासारखी येतेय. अजय धावत आडवा आला.

“काका, थांबा. थांबा म्हणतो ना.”

सुकलूनं क्लच दाबला. माळ विझली. अजय बाजूला झाला तसा सोडला. माळ लागली. लोक माळेकडे बघत, ट्रॅक्टरकडे बघत, पुन्हा माळेकडे बघत. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बरोबर खांबासमोर, रस्ता अडवून, त्यानं ट्रॅक्टर उभा केला.

बायनाबाई टेबलापासून चालत आली. “सुकलू, हा तुहा करंट होय?”

“माह्याच होय, बाई. खांबात काईच नाई.”

“सकाळी काऊन नाई सांगतलं?”

“मले मालूम नोहोतं. माईकचा म्हणे.” त्यानं राळेनं चिकट झालेली बोटं पुढं केली. “सोताच्या हातानं राळ लावली मी.”

पाहुणा खुर्चीवरून उठला. “आजी, तार येणार आहे. माझा शब्द आहे. तुम्ही सही करून टाका.”

बायनाबाईनं शाई लागलेला अंगठा लुगड्याला पुसला. पुसून पुसून कोरडा केला.

“सायेब, मी मेलेल्याईले सांगून बसली का उजेड आला. चाळीस नावं घेतले. आता नाई आला म्हणून त्याईले कोन सांगन? तुमी सांगता?”

पाहुण्यानं अजयकडे बघितलं. अजयनं फाइल मिटली.

“मंग मीच सांगतो,” ती म्हणाली आणि खांबाशी बसली. तिनं पहिलं नाव घेतलं. इंजिनाच्या धडधडीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

सुकलूनं इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिन दोनदा खोकून बंद झालं. बल्ब लाल झाले, विझले. त्यांच्याकडे वळून कुणी पाहिलं नाही.

आता तिचा बारीक आवाज शेवटच्या माणसापर्यंत जात होता. गोंडीत एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागं तोच एक शब्द: हिल्ले. नाही. बाया उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. पाहुण्याची गाडी ट्रॅक्टरमागं अडकली होती; ट्रॅक्टर काढ म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. पाहुणा उन्हात उभा राहून चाळीस माणसांची नावं ऐकत होता.

सुकरीचं नाव सतरावं आलं. सुकलू ट्रॅक्टरवरून खाली उतरला, खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला, आणि बायांच्या मागं मातीत बसला.