या वर्षीचा राक्षस

"बाई, तुम्ही मुद्दाम हरता ना?"

तोवाने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून सरळ विचारलं. कुदोबाई परत आलेली चित्रांची पुस्तकं फडक्याने पुसत होत्या. हात तसाच ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"कोण हरतं?"

"लायब्ररीवाले. दर सेत्सुबुनला. तुम्ही चष्मा वर सरकवला की राक्षसकाका घंटी दाबत नाहीत. मागच्या वर्षी मी नीट बघितलंय."

राक्षसकाका म्हणजे मी. माझं नाव सुगावारा. मी आमच्या ग्रंथालयाची फिरती गाडी चालवतो, बर्फातून पुस्तकं गावोगाव पोचवतो; पण गावातलं एकही पोर मला त्यासाठी ओळखत नाही. हिवाळा सरताना सेत्सुबुन येतो, घरातले राक्षस हाकलून लावायचा सण. त्या सुमारास रविवारी ग्रंथालयात मुलं विरुद्ध आम्ही असा प्रश्नांचा खेळ असतो. जो संघ हरेल त्याने राक्षसाचा मुखवटा चढवायचा आणि बाकीच्यांनी त्याला 'राक्षस बाहेर, भाग्य आत' म्हणत झोडपायचं. दक्षिणेकडे भाजलेलं सोयाबीन मारतात. आमच्या बर्फाच्या मुलखात टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा मारतात, म्हणजे नंतर गोळा करून खाता येतात. खाणाऱ्याला गोड लागतात, पण खाली वाकलेल्या माणसाच्या मानेवर बसल्या की कळतं.

मुलांना राक्षस कसं करायचं, म्हणून आम्ही हरायचो. इशारा कुदोबाईंच्या चष्म्याचा. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता, किंवा आम्हाला तसं वाटत होतं.

"आमच्या वर्गातलं कुणीच येणार नाही या वेळी," तोवा म्हणाली. "लहान पोरांना फसवा. आम्ही पाचवीत आहोत."

ती दप्तर सावरत निघून गेली. कुदोबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

त्याला कारण होतं. हा खेळ त्यांनीच सुरू केलेला. त्यांची सगळी नोकरी मुलांच्या विभागातच झाली होती आणि मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. मुलं दर वर्षी कमी होत चालली होती. आमच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की यंदा मुलं आली नाहीत तर पुढच्या वर्षीपासून हा खटाटोप बंद. बाईंनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं होतं, भेटही नको. आपल्यामागे हा खेळ चालू राहावा, एवढं एकच त्यांना हवं होतं.

दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "या वर्षी खरं खेळायचं."

"खरं म्हणजे जिंकायचं?" मी विचारलं. "पोरं रडतील. आयांचे फोन येतील. साहेबांना आयतं निमित्त मिळेल."

"रडू देत, सुगावारासान. आपण त्यांना मूर्ख समजत होतो आणि ते त्यांना कळत होतं. त्यापेक्षा रडलेली बरी."

माझ्या शेजारी मोगामी बसला होता. त्याचं काम चौकशीच्या टेबलावर. कुणी काहीही विचारलं तरी तो पुस्तक काढतो, पान दाखवतो, मगच तोंड उघडतो. बायकोने 'बाहेर थंडी आहे का' विचारलं तरी हा आधी हवामानाचं पान उघडत असेल, असं मी त्याला चिडवतो. तो भाताचा गोळा चावत म्हणाला, "खरं खेळायचं तर बरं होईल. खोटं उत्तर देताना माझ्या पोटात दुखतं."

संध्याकाळी बाई स्वतः शाळेच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. मी गाडी लावत होतो, मला काचेतून सगळं दिसत होतं. तोवा आली तशा बाई तिच्यापुढे वाकल्या, मोठ्या माणसापुढे वाकतात तशा. काय बोलणं झालं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं.

"चुकलं आमचं. या वर्षी खरं खेळू. याल का?"

"शपथ?"

"शपथ."

"राक्षसकाका पण?"

"त्यांना मी बघते."

रविवारी मुलं आली. भरपूर नाही, पण रॉकेलच्या शेगडीभोवतीच्या उशा भरल्या. तोवाने आपला अख्खा वर्ग ओढून आणला होता. साहेब दाराशी हाताची घडी घालून उभे.

आम्ही खरं खेळलो आणि आमची पुरती फजिती झाली. मी घंटी दाबायचो झटकन, पण उत्तर यायचं नाही. मोगामीला उत्तर यायचं, पण तोंडातून निघायचं नाही.

"ऑक्टोपसला हृदयं किती?" बाईंनी विचारलं.

मोगामीने घंटी दाबली. "पाहून सांगतो," तो म्हणाला आणि सवयीने उठलाच.

"बसा खाली!" मुलं ओरडली. "पाहून नाही, येतंय ते सांगा! वेळ संपली!"

"तीन!" तोवा किंचाळली, आणि तेच उत्तर होतं. मुलं हसून लोळली. मोगामी कानापर्यंत लाल झाला. मी त्याला कोपराने ढोसलं, "अरे बाबा, आज तरी पुस्तकाविना बोल."

असं करत करत, कधी ते पुढे तर कधी आम्ही, दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले. शेवटचा प्रश्न उरला.

"सूर्याभोवतीच्या ग्रहांपैकी सगळ्यात तप्त…"

टण्! तोवाची घंटी. "बुध! सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे!"

"नाही," बाई म्हणाल्या.

तोवाचं तोंड उघडंच राहिलं. आता पाळी आमची. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात वर निघाला होता, चष्म्याकडे. इतक्या वर्षांची सवय ती. मुलांनीही पाहिलं. तोवाने तर ओठ घट्ट आवळून घेतले आणि बाईंच्या त्या हाताकडे एकटक बघत राहिली. मला वाटलं, गेलं सगळं. साहेबांना हवं ते मिळालं.

बाईंनी हात खाली घेतला आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून टाकले.

"शुक्र," मोगामी म्हणाला. "दाट हवेमुळे. पण मी… मी दाखवतो हं."

तो धावत जाऊन पुस्तक घेऊन आला आणि त्याने पान उघडून तोवापुढे धरलं. तिने बोट ठेवून सगळा परिच्छेद वाचला. मग परत वाचला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्ही हरलो."

मागे एक छोटी मुलगी मुसमुसायला लागली. साहेब घसा खाकरत पुढे सरकले. आता काय होणार ते मला दिसत होतं. मी उठून मुखवटा घ्यायला निघालो, उगाच कटकट नको म्हणून.

तोवाने तो माझ्या आधी उचलला. मोठ्या माणसाच्या मापाचा, तिच्या खांद्यांपर्यंत आला. आतून तिचा आवाज घुमला, "मारा! आणि खोटं खोटं नाही मारायचं!"

मोगामी शेंग हातात धरून उभाच. बाईंच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र वाट पाहिली नाही. इतक्या वर्षांचा सूड होता तो. मूठभर शेंगा नेम धरून हाणल्या.

"अयाई गं!" राक्षस ओरडला आणि खो खो हसायला लागला.

मग जो धुमाकूळ झाला तो काय सांगू! मुसमुसणारी मुलगीसुद्धा 'मला पण राक्षस व्हायचंय' म्हणून रांगेत लागली. एक शेंग साहेबांच्या टकलावर बसली. ती कुणी मारली ते मी सांगणार नाही.

सगळं आटोपल्यावर मुलं संत्री सोलत बसली. तोवा घामेजलेली, केस विस्कटलेली. ती साहेबांपाशी गेली. "पुढच्या वर्षी पण आहे ना? आम्हाला बदला घ्यायचाय."

साहेबांनी डोकं चोळलं. "आता एवढं म्हणताय तर… घेऊ या."

बाई हे ऐकत होत्या. मग त्या तोवाजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "मी नसेन पुढच्या वर्षी. एप्रिलपासून मी इथली नाही."

तोवा विचारात पडली. संत्र्याची फोड तोंडात टाकून तिने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे तुम्ही लायब्ररीवाल्या नाही?"

"नाही."

"मग आमच्याकडून खेळा."

बाईंनी टेबलावरच्या घंटीकडे पाहिलं. एवढी वर्षं प्रश्न विचारणारी बाई ती.

"मला घंटी दाबायची सवय नाही गं," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर सराव. बुधवारी, शाळा सुटल्यावर. उशीर नाही चालणार हं."

"काही घेऊन येऊ का?"

"नको. नव्या लोकांनी आधी चांगलं ऐकायचं असतं."

कुदोबाईंनी अंगावरचा कामाचा एप्रन नीट केला, पाय जुळवले आणि आपल्या कर्णधारापुढे कमरेतून वाकल्या.

"सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या.